पोपटी जीपची पासिंग

गोंदिया स्टेशनच्या बाहेर पडले तेव्हा मला आधी रंग दिसला, मग जीप दिसली आणि सगळ्यात शेवटी दादा. रंग पोपटी होता. रिक्षा, हातगाड्या आणि धुळीने माखलेल्या मोटारसायकली यांच्या गर्दीत आमची म्हातारी जीप लग्नाला आलेल्या हौशी मावशीसारखी उठून दिसत होती. पुण्याहून निघाल्यापासून अंग आंबून गेलं होतं, तरी मला हसू आलं. म्हणजे यंदा घराचं दार पोपटी आहे तर.

"काऊन वो शालू, एवढा उशीर?" दादा म्हणाला.

गाडी वेळेवर आली होती. पण भेटल्याबरोबर समोरच्याला थोडं दटावल्याशिवाय दादाला चैन पडत नाही. वनखात्यात जन्म गेला, जंगलात दटावायला कोणी मिळत नसे, ती हौस तो आता निवृत्तीनंतर भागवतो. त्याने माझी बॅग मागच्या सीटवर टाकली आणि जाहीर केलं, "घरी नाही जाऊन राहिलो आपण. आधी पासिंग."

पासिंग (गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची आहे की नाही, याची सरकारी तपासणी) हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ते बाबूजींचं खातं. बाबूजी म्हणजे आमचे वडील. जीप त्यांची, तिचे कागद त्यांचे, तिचं दुखणंखुपणंही त्यांचंच. बाबूजी गेल्यावर जीप दादाकडे आली आणि कागद कपाटात राहिले. दिवाळीच्या आवराआवरीत वहिनीने कपाट उघडलं, तेव्हा कळलं की जीपच्या नोंदणीची मुदत संपून गेली आहे.

स्टेशनसमोरच्या हॉटेलात आलुबोंडा आणि वर ओतलेला झणझणीत रस्सा खाता खाता दादाने मला नियम समजावले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी स्वतः नेऊन दाखवायची. ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, धूर, सगळं तपासतात. पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाही झाली तर रस्त्यावर आणायची नाही. "अन् मंग ते भंगारात," दादा म्हणाला. नागपूरला असलेल्या त्याच्या मुलाने त्याला कधीच सांगून ठेवलं होतं की विकून टाका. भंगारवाला एकदा अंगणात येऊन जीपभोवती फिरूनही गेला होता.

"आणि आत्याबाई?" मी विचारलं.

दादाने रश्श्यात बोंडा बुडवला.

आत्याबाई म्हणजे बाबूजींची धाकटी बहीण. आमगावच्या अलीकडे एका खेड्यात तिचं सासर. आमच्याकडे दिवाळी उरकली की गावोगावी मंडई भरते (एका दिवसाची जत्रा, दिवसा बाजार, रात्री नाचगाण्याची दंडार नाहीतर नाटक), आणि मंडईला लेकीबाळी माहेरी येतात. त्यांना आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बाबूजी दरवर्षी जीप घेऊन आत्याबाईला आणायला जात. माझं लग्न झाल्यावर मलाही न्यायला तुमसरला, माझ्या सासरी, येत. आम्ही पुण्याला गेलो आणि ते थांबलं. पुण्यापर्यंत जीप येत नाही, असं बाबूजी म्हणाले होते, आणि मीही मुलांच्या शाळा आणि परीक्षांमध्ये मंडई विसरत गेले. आत्याबाई मात्र विसरली नाही. मागच्या वर्षी ती आजारी होती, आली नाही. यंदा तिने निरोप धाडला होता की मंडईला येणार, पण पोराच्या गाडीत नाही. माहेरची गाडी आली तरच.

"दुसऱ्या गाडीनं आणू ना," मी म्हटलं.

"सांगून पाह्य तू तिले," दादा म्हणाला. "अन् बिनकागदाची जीप मी आमगावपर्यंत नेत नाही. रस्त्यात अडवलं तं म्हातारीले कोठी उतरवू? पास झाली तं जाऊ, नाही तं नाही." मंडई चार दिवसांवर आली होती.

आता त्या कार्यालयाचा शोध. दादा मागच्या पासिंगला बाबूजींबरोबर आला नव्हता, आणि त्याला कोणीतरी सांगितलं होतं की जागा बदलली. पानठेल्यावर विचारलं तर पानवाला म्हणाला, "आरटीओ? वो तो कब का उधर गया, चाचा," आणि त्याने हाताने जो 'उधर' दाखवला त्यात अर्धं गोंदिया मावत होतं. मी मोठ्या ऐटीत फोनवरचा नकाशा काढला. त्या नकाशाने आम्हाला एका राईस मिलच्या मागच्या बोळात नेऊन सोडलं. पुढे भुशाचा ढीग, मागे धानाचा ट्रक, मधे आमची पोपटी जीप. मिलचा चौकीदार खुर्चीवरून उठलाही नाही. "आज तुम्ही तिसरे," तो म्हणाला. "सब लोग मोबाइल देखके इधरच आते." नव्या धानाचा वास इतका गोड येत होता की मला तिथून हलावंसं वाटेना, पण मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता.

शेवटी कुडव्याकडे एका किराणा दुकानातल्या बाईने बिनचूक पत्ता दिला. गहू निवडता निवडता ती म्हणाली, "काही विचारू नका कोणाले. ताज्या रंगाचा टरक दिसला का त्याच्या मागं मागं जा. पासिंगलेच जाऊन राहिला असते तो." थोडा वेळ थांबलो. खरोखरच एक ट्रक आला, नवरदेवासारखा नटलेला, फळ्यांवरचं पिवळं अजून ओलं. त्याच्या मागोमाग गेलो आणि पोचलो.

मैदानावर रांग होती. ट्रक, टेम्पो, शाळेची बस, एक रुग्णवाहिका, आणि सगळ्यांना रंगाचा, ऑइलचा वास. ड्रायव्हर लोक जीपकडे बघून गालात हसत होते. दादा ताठ बसला होता, पण त्याचा अंगठा स्टिअरिंगवर सारखा घासत होता. लहानपणी शाळेच्या निकालाच्या दिवशी तो चड्डीच्या शिवणीवर असाच अंगठा घासायचा.

तपासणीला एक तरुण इन्स्पेक्टर मॅडम होत्या, बोलण्यावरून सातारा-सांगलीकडच्या. त्यांनी आधी दिवे लावायला लावले, हॉर्न वाजवायला लावला, ब्रेक बघितले. डावा इंडिकेटर मेला होता. बाकी ठीक. मग त्या आरसी बुक घेऊन जीपभोवती एक चक्कर मारून आल्या.

"काका, या गाडीचा रंग कागदावर राखाडी आहे."

"होता," दादा म्हणाला.

"आता पोपटी आहे."

"दाराचा आहे तो."

मॅडमना काही कळलं नाही. कळणार तरी कसं? दिवाळीत घर सारवून झालं की बाबूजी दारं-खिडक्यांना ऑइलपेंट द्यायचे आणि डब्यात उरलेला रंग जीपला. बाहेरून नुसता नाही, हात पोचेल तिथवर. माणूस घरी आणायचा तर घरचं दारच त्याच्याकडे गेलं पाहिजे, असं ते म्हणत. ते गेल्यावर दादाने तेच चालू ठेवलं होतं. तुमसरच्या गल्लीत जीप वळली की मला माझ्या घराचं दार यंदा कोणत्या रंगाचं आहे ते कळायचं. सासूबाई भिंतीआडून बघून म्हणायच्या, आलं गं तुझं दार. हे सगळं दादाने मॅडमना सांगितलं, त्याच्या पद्धतीने, म्हणजे दोन वाक्यांत आणि थोडं रागावून.

मॅडम हसल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं. "काका, रंग बदलता येतो," त्या म्हणाल्या. "पण त्याची कागदावर नोंद करून घ्यावी लागते. दरवर्षी बदलणार असाल तर दरवर्षी नोंद."

"म्हणजे दरवर्षी इथी येऊन राहू का मी?"

"नाहीतर मूळ रंगात आणा. आणि हे बघा." त्यांनी बोनेट उघडून पुढच्या चाकाजवळच्या लोखंडी पट्टीवर बोट ठेवलं. तिथे चेसिस नंबर ठोकलेला असतो, म्हणजे गाडीचं जन्माचं नाव. कागद लावून वरून पेन्सिल घासली की तो कागदावर उमटला पाहिजे. पण पट्टीवर पोपटी रंगाचा थर होता, त्याखाली निळा, त्याखाली आणखी कुठलासा. पेन्सिलीखाली काहीच उमटलं नाही. "नंबर दिसला नाही तर ही तीच गाडी आहे, हे मी कशावरून लिहू? साफ करून आणा. गंजून गेला असेल तर मात्र अवघड आहे."

दादाचा अंगठा थांबला. "परवा आणतो," तो म्हणाला.

गोंदियाहून गोरेगाव मागे टाकून आम्ही कोहमाऱ्यापलीकडच्या आमच्या गावाकडे निघालो तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. दोन्ही बाजूला धानाची कापणी चालू होती, बांधावर भारे रचलेले, मधल्या जंगलात सागाची पानं रस्त्यावर पडत होती. याच वळणांवर जीपच्या मागच्या सीटवर बसून मी कितीदा माहेरी आले असेन. तेव्हा बाबूजी गाडी चालवता चालवता एकेका शेताच्या मालकाची निंदा करायचे, मोठी प्रेमळ निंदा. मधेच दादा म्हणाला, "गंजला असन तं?" मी म्हटलं, नसेल. मला त्यातलं काय कळतं? पण भावाला म्हणायचं असतं तसं म्हटलं.

घरी दारात वहिनी उभी होती, आणि दार खरोखर पोपटी होतं. तिने नव्या तांदळाचा भात आणि धानाच्या बांधीतल्या मासोळीचा रस्सा केला होता. तलावावरून येणारा गार वारा, भाताची वाफ आणि समोर दादाचं उतरलेलं तोंड. जेवण मात्र मी पोटभर जेवले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तरट अंथरून आम्ही कामाला लागलो. वहिनीने कंबर कसली, मी पदर खोचला. गॅरेजवाल्याला द्यायला वेळ नव्हता, आणि दादाला नंबरापाशी परका हात नकोच होता. तो थिनरचा बोळा घेऊन पट्टीपाशी आडवा झाला आणि आम्ही दोघी पॉलिश पेपर घेऊन मडगार्ड घासायला बसलो.

पोपटी गेला, खाली निळा आला. "हा बाबूजी गेले त्या सालचा," वहिनी म्हणाली. निळ्याखाली विटकरी. मग कुठे मोरपंखी, कुठे पिवळा. घासता घासता मडगार्डवर रंगांची वर्तुळं उठत गेली आणि आम्ही दोघी पेपर खाली ठेवून बोलतच बसलो. चॉकलेटी निघाला तेव्हा माझा हात थांबला. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या मंडईचा रंग तो. सासरी नवीन होते, कोणाशी बोलावं कळत नव्हतं, न्हाणीघरात जाऊन रडायचे. एका दुपारी बाहेर ओळखीचा हॉर्न वाजला आणि दारात चॉकलेटी जीप. बाबूजी खाली उतरले नाहीत, आतूनच म्हणाले, "चाल, चाल, भात निवून राहिला." जसं काही मी शेजारच्या घरी गेले होते. तो रंग बोटाने चाचपताना बाबूजींची इतकी आठवण आली की डोळे भरून आले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने दुसऱ्या बाजूला जाऊन घासू लागली.

रंगांच्या मधे मधे दोन-तीन ठिकाणी राखाडी लागत होता.

"हा राखाडी मधातच काऊन?" वहिनीने विचारलं.

"प्रायमर असन," दादा पट्टीखालून म्हणाला.

मला एका राखाडीची ओळख पटली. आई गेली त्या वर्षी मी दिवाळीनंतर आले तेव्हा दार राखाडी होतं. रंगांचा एवढा शौकीन माणूस, आणि दाराला राख फासल्यासारखा रंग. बाबूजींचं दुःख त्यांनी दाराला दिलं, असं मी तेव्हा धरून चालले होते. त्यांना विचारलं नाही. दुःखाबद्दल आमच्या घरात कोणी कोणाला विचारत नाही.

दुपार कलायला लागली आणि दादाने हाक मारली. नुसती "शालू". मी वाकून पाहिलं. पट्टी उघडी पडली होती आणि तिच्यावर आकडे होते. एका टोकाला गंजाने खाल्लेलं होतं, तिथले दोन आकडे अंधुक होते. दादाने मऊ फडक्याने ते इतक्या हलक्या हाताने पुसले की बाळाचं तोंडही कोणी तसं पुसत नाही. मग माझ्या पर्समधला कागद आणि वहिनीची हिशेबाची पेन्सिल. घासली. सगळे उमटले, शेवटचे दोन पुसट, पण उमटले.

"चालते का हे?" त्याने विचारलं.

"चालतं," मी म्हणाले, जणू काही मीच इन्स्पेक्टर.

संध्याकाळी राखाडी रंग दिला. दादाने हार्डवेअरच्या दुकानातून मोठाच डबा आणला होता, कमी पडायला नको म्हणून, आणि तो अर्ध्याहून जास्त उरला. राखाडी जीप अंगणात उभी राहिली आणि मागे पोपटी दार. दोघं एकमेकांना ओळखत नसल्यासारखी वाटत होती. दादा दाराकडे पाठ करून चहा प्यायला.

पासिंगच्या दिवशी या वेळी रस्ता विचारावा लागला नाही. मॅडमनी ओळखलं. दादाने नवा बसवून घेतलेला इंडिकेटर पाहिला, कागद पट्टीवर ठेवून स्वतः पेन्सिल घासली, उन्हात धरून पाहिला. शेवटच्या दोन आकड्यांशी त्या बराच वेळ थांबल्या. आरसी बुक बघितलं, परत कागद बघितला, पट्टीशी वाकून बोट फिरवलं. मी मनात देवाला जे काही कबूल केलं ते इथे लिहीत नाही, कारण त्यातलं अर्धं अजून फेडायचं आहे.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "काका, गाडी चांगली ठेवली आहे. नंबरावर आता रंग देऊ नका, थोडं ग्रीस लावून ठेवा."

दादाने मान हलवली. जीपमध्ये बसल्यावर त्याने विनाकारण एकदा हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याबाईला आणायला निघालो. कोहमाऱ्याहून देवरी आणि तिथून आमगावचा रस्ता. देवरीच्या पुढे बाया टोपल्यांत उकडलेले काळे शिंगाडे घेऊन बसल्या होत्या. दादाने आत्याबाईसाठी घेतले, त्यातले निम्मे मी वाटेतच संपवले.

आत्याबाई पडवीत बसली होती, पिशवी भरून, चप्पल घालून. किती वेळची तशी बसली होती कोण जाणे. खूप वाळली आहे. आमच्या लहानपणी जी बाई आम्हा दोघांना दोन कडेवर घेऊन बांधावरून चालत जायची, तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. ती जीपजवळ आली, बोनेटवर हात फिरवला, डोळे बारीक करून पाहिलं.

"औंदा पासिंगचं साल हाय का रे?"

दादा बघतच राहिला. "तुले कसं माहीत?"

"राखाडी हाय ना. पासिंगच्या साली बाबू राखाडीच देत होता. सरकारले तोच लागते म्हणे." बाबू म्हणजे आमचे बाबूजी. "जीपले दिला का मंग दारालेही. दोघाईचा रंग सारखा पायजे ना." ती माझ्याकडे वळली. "तुही माय गेली तेव्हाही पासिंगचंच साल होतं. मीच म्हटलं त्याले, औंदा राहू दे, दार रंगवू नोको. ऐकला नाही. म्हणे, पोरगी येऊन राहिली, तिले जीप येक अन् दार येक दिसलं तं कसं वाटन?"

मी जीपच्या दाराला धरून उभी राहिले. इतकी वर्षं मी त्या रंगाला दुःख समजत होते. दुःख असेलही. पण तो रंग त्यांनी माझ्यासाठी दिला होता.

"म्हणजे दार राखाडीच असन," आत्याबाई जीपमध्ये चढता चढता म्हणाली.

दादाने माझ्याकडे पाहिलं. जन्मभरात या माणसाने खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "हो आत्याबाई," तो म्हणाला, आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने गोठ्यामागे जाऊन त्याने वहिनीला फोन लावला. मला इथवर ऐकू आलं, "डब्बा आहे ना उरलेला? अगं पूर्ण दार. चौकटही. कायले ते नंतर सांगतो."

येताना दादाने जीप इतकी हळू चालवली की एक बैलगाडी आम्हाला ओलांडून गेली. देवरीला चहासाठी थांबलो, परत कोहमाऱ्याला चहासाठी थांबलो. आत्याबाई म्हणाली, "एवढा चहा कायले पाजून राहिला रे मले?" दादा म्हणाला, गाडी तापून राहिली. जीप मुळीच तापली नव्हती.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारात तांब्या-भाकर घेऊन उभी होती. कोपरापर्यंत हात राखाडी, गालावर एक फराटा, आणि चेहऱ्यावर असा भाव की मी तर केव्हाची इथेच उभी आहे. मागे दार राखाडी होतं आणि रंग लख्ख ओला होता. शेजारच्या दोन बाया मागच्या खोलीत ब्रश घेऊन दडल्या होत्या, त्यांचं हसू ऐकू येत होतं. वहिनीने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आत्याबाई उंबरठ्याशी आली आणि आम्ही कोणी "अगं, अगं" म्हणायच्या आत तिने नेहमीसारखा चौकटीवर पंजा टेकला, भार देऊन आत पाऊल टाकलं आणि तोच हात कपाळाला लावला.

मग तिने हात पाहिला. कपाळावर रंग, तळव्यावर रंग, चौकटीवर पाचही बोटं उमटलेली. दादा खाली बघत होता. वहिनीने जीभ चावली.

आत्याबाईने वास घेतला. "आत्ताच देला का रे?"

वहिनीने राखाडी हात पदराखाली घेतले.

"बरं केलं," ती म्हणाली. "वाट पाह्यली म्हणजे दारानं माही." आणि आत जाऊन, जिथे दरवर्षी बसते, त्या खांबाशी बसली.

मंडई झाली. आत्याबाईने जिलेबी खाल्ली, दंडारीतल्या नाच्याला नावं ठेवली, आणि कपाळावरचा रंग रॉकेलने काढू दिला नाही. चौकटीवरचा पंजा दादाने तसाच वाळू दिला. त्याच्यावरून ब्रश फिरवायचा विषय वहिनीनेही काढला नाही.

परतीला दादाने मला आणि आत्याबाईला एकाच फेरीत घेतलं. आधी तिचं गाव, मग माझं स्टेशन. उतरताना तिने जीपच्या पत्र्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कागद किती दिवसाचा भेटला याचा?"

"पाच वर्सं," दादा म्हणाला.

आत्याबाईने मनात काहीतरी हिशेब केला. "पाच वर्सं जगा लागन म्हणजे मले," ती कुरकुरत म्हणाली, जसं कोणी तिच्यावर काम लादलं होतं, आणि पिशवी घेऊन घरात गेली. मागे वळून पाहिलं नाही.

स्टेशनवर दादाने बॅग डब्यात चढवली, खिडकीशी उभा राहिला आणि अचानक म्हणाला, "तूही येजो." एवढंच. आमच्या घरात याहून जास्त कोणी कोणाला म्हणत नाही. गाडी सुटली तशी मी रडले, समोरच्या बाईने पाणी पुढे केलं आणि काही विचारलं नाही, त्याबद्दल तिचे उपकार.

पुण्याला आल्यावर मुलाने विचारलं, जीप पास झाली का? मी त्याला नियम सगळे समजावून सांगितले, ब्रेकपासून नंबरापर्यंत. आणि दिवाळीनंतरचे दिवस यापुढे माझे नाहीत, हेही सांगून ठेवलं. आत्याबाईला अजून पाच मंडया काढायच्या आहेत. मी त्यातली एकही चुकवणार नाही.